युनोच्या मसुद्यावर कोणाची लेखणी?

कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर ऑक्टोबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यातला हिंदू कोड बिलाचा भाग आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असतो. त्याच निवेदनात आणखी एक छोटा उल्लेख आहे. त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अनुसूचित जातींच्या स्थितीविषयीचा एक अहवाल आपण संयुक्त राष्ट्रसंघाला सादर करण्यासाठी तयार केला होता, पण तो पाठवला नाही. संविधान सभेला आणि पुढच्या संसदेला या प्रश्नात काही करण्याची संधी द्यावी असे आपल्याला वाटले, असे बाबासाहेबांनी त्यात नमूद केले आहे.

हा विचार त्यांच्या मनात अचानक आलेला नव्हता. १९४६ मध्ये अमेरिकेतील ‘नॅशनल निग्रो काँग्रेस’ या संघटनेने कृष्णवर्णीयांची कैफियत युनोकडे दाखल केली. ही बातमी कळताच बाबासाहेबांनी थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्युबॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. भारतातील अस्पृश्यही हाच मार्ग धरण्याच्या विचारात आहेत, असे त्यांनी कळवले. द्युबॉइस यांनी जुलै १९४६ मध्ये उत्तर दिले आणि अस्पृश्यांच्या लढ्याविषयी सहानुभूती व्यक्त केली.

आता एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. बाबासाहेबांचा तो अहवाल न्यूयॉर्कला पोहोचला असता तर तो कोणाच्या टेबलावर गेला असता? युनोचे सरचिटणीस आलेला प्रत्येक कागद उघडून वाचत नाहीत. सुरक्षा परिषदेतले राजदूतही वाचत नाहीत. तो कागद सचिवालयातल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गेला असता. त्याने तो वाचून दोन पानांचे टिपण तयार केले असते, आणि वरच्या माणसांनी फक्त ते टिपण वाचले असते. अहवालातले काय ठेवायचे, काय गाळायचे, ‘अन्याय’ लिहायचे की ‘तक्रार’ लिहायचे, हे त्या अधिकाऱ्याच्या लेखणीने ठरवले असते. पुढे तर आर्थिक व सामाजिक परिषदेने ऑगस्ट १९४७ मध्ये असा निर्वाळा दिला की, मानवी हक्कांविषयी आलेल्या तक्रारींवर कोणतीही कारवाई करण्याचा अधिकार मानवी हक्क आयोगाला नाही. म्हणजे जगभरच्या पीडितांचे अर्ज येत राहिले आणि फायलींत पडत राहिले.

कागद वाचणारा आणि टिपण लिहिणारा हा माणूस कोण असतो? त्याचे एक रूप म्हणजे ‘पोलिटिकल अफेअर्स ऑफिसर’, म्हणजेच राजकीय व्यवहार अधिकारी. आपली मुले-मुली कलेक्टर, तहसीलदार, प्राध्यापक, इंजिनिअर होण्याची स्वप्ने पाहतात. परराष्ट्र सेवेपर्यंतही काही जण पोहोचले. परंतु या पदाचे नाव आपल्या वस्तीत, वसतिगृहात, अभ्यासिकेत क्वचितच ऐकू येते. म्हणून आजचा हा लेख.

प्रथम हे काम नेमके काय ते पाहू. युनोच्या सचिवालयात राजकीय घडामोडी आणि शांतता उभारणी पाहणारा एक विभाग आहे. १९९२ साली स्थापन झालेल्या राजकीय व्यवहार विभागाचे रूप बदलून १ जानेवारी २०१९ पासून तो सध्याच्या नावाने काम करतो. याशिवाय जिथे युद्ध झाले आहे किंवा होण्याची भीती आहे अशा देशांत युनोच्या राजकीय आणि शांतिसेनेच्या मोहिमा असतात. या सर्व ठिकाणी राजकीय व्यवहार अधिकारी असतात. त्यांच्या श्रेण्या पी-२ पासून पी-५ पर्यंत चढत जातात. साधारणपणे पी-२ साठी दोन वर्षांचा, पी-३ साठी पाच, पी-४ साठी सात आणि पी-५ साठी दहा वर्षांचा अनुभव मागितला जातो. शिक्षण म्हणून राज्यशास्त्र, आंतरराष्ट्रीय संबंध, कायदा, अर्थशास्त्र अशा विषयातली पदव्युत्तर पदवी लागते.

‘राजकीय’ हा शब्द पाहून कोणाला वाटेल की हा पुढारीपणा करणारा माणूस आहे. तसे काही नाही. त्याच्या दिवसाचा मोठा भाग वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. नेमून दिलेल्या देशातली वृत्तपत्रे सकाळी वाचायची. सरकारचे मंत्री, विरोधी पक्ष, बंडखोर गट, महिला संघटना, धर्मगुरू, पत्रकार यांना भेटायचे. प्रत्येक भेटीची नोंद लिहायची: कोण काय बोलले, आणि काय बोलायचे टाळले. मोहिमेवरून मुख्यालयाला ‘कोड केबल’ म्हणजे गोपनीय अहवाल पाठवायचा. वरिष्ठ अधिकारी कोणाला भेटणार असतील तर त्यांनी काय बोलावे याचे मुद्दे काढून द्यायचे. सरचिटणीस ठरावीक काळाने सुरक्षा परिषदेला जो अहवाल देतात, त्याचा पहिला मसुदाही इथेच जन्माला येतो. तो पुढे पाच-सात टेबलांवरून फिरतो, प्रत्येक जण त्यात खोडतो, भर घालतो आणि शेवटी त्यावर सरचिटणीसांचे नाव येते. पहिला मसुदा लिहिणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही.

यात एवढे महत्त्वाचे काय, असे कोणी विचारील. युनोत शब्दालाच वजन आहे. सुरक्षा परिषदेने ‘चिंता व्यक्त केली’ आणि ‘निषेध केला’ यात अंतर आहे. ‘आवाहन केले’ आणि ‘निर्णय घेतला’ यात तर फारच मोठे अंतर आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर २२ नोव्हेंबर १९६७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ मंजूर केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असे त्यात म्हटले आहे. परंतु इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेशांतून’ या शब्दाआधी ‘द’ हे उपपद नाही. मराठीत असे उपपदच नसते, त्यामुळे आपल्याला त्याचे काही वाटणार नाही. पण तेवढ्या एका अक्षराच्या अभावावर इस्रायल म्हणतो की ‘सर्व’ प्रदेशांतून माघार असा याचा अर्थ होत नाही. अरब देश फ्रेंच मसुद्याकडे बोट दाखवून म्हणतात की सर्वच प्रदेशांतून. अर्धशतक उलटून गेले, तो वाद अजून चालू आहे. भारताच्या संविधानातला एकेक शब्द कसा घासून-पुसून घेतला गेला हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना मसुदा म्हणजे काय असतो हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

या कामाची खरी ताकद आणि खरी अडचण समजून घ्यायची असेल तर एका माणसाचे आयुष्य पाहावे. त्यांचे नाव राल्फ बंच. अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात एका न्हाव्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. आईवडील लवकर गेले. ज्या आजीने त्यांना लॉस एंजेलिसमध्ये वाढवले ती स्वतः गुलामीत जन्मलेली होती. झाडलोटीची कामे करत हा मुलगा शिकला आणि १९२७ मध्ये विद्यापीठातून पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला. हार्वर्डला जाण्यासाठी त्याच्याकडे पैसे नव्हते. तेव्हा शहरातल्या कृष्णवर्णीय समाजाने वर्गणी काढून त्याच्या हातात एक हजार डॉलर ठेवले. १९३४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेत राज्यशास्त्रात ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

त्यांच्या प्रबंधाचा विषय पाहण्यासारखा आहे. आफ्रिकेतले टोगो आणि दाहोमे हे दोन शेजारी प्रदेश फ्रान्सच्या ताब्यात होते. दाहोमे ही उघड वसाहत, तर टोगो हा राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचा प्रदेश. कागदावर दोन्हींचा दर्जा वेगळा. बंच प्रत्यक्ष तिथे गेले आणि त्यांना दिसले की तिथल्या सामान्य माणसाच्या जगण्यात फारसा फरक नाही. कायद्यात लिहिलेली गोष्ट आणि वस्तीत दिसणारी गोष्ट यांतले अंतर मोजण्याची ही दृष्टी त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. ती गुलामाच्या नातवाची दृष्टी होती.

१९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे युनोची सनद तयार झाली तेव्हा बंच अमेरिकन शिष्टमंडळात होते. वसाहती आणि विश्वस्त प्रदेश यांविषयीची सनदेतली प्रकरणे आकाराला आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९४६ मध्ये ते युनोच्या नोकरीत आले आणि विश्वस्त प्रदेशांचा विभाग सांभाळू लागले. पुढच्या काळात ऐंशीहून अधिक वसाहती स्वतंत्र झाल्या. त्या त्यांनी स्वतः लढून मिळवलेल्या आहेत, त्याचे श्रेय कोणा अधिकाऱ्याला देण्याचे कारण नाही. परंतु लढणाऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये दाद मागायला जी कलमे उपयोगी पडली, ती लिहिणाऱ्यांत त्वचेच्या रंगामुळे अपमान सोसलेला एक माणूस होता, हे विसरता येणार नाही.

१९४७ मध्ये पॅलेस्टाईनच्या प्रश्नावर युनोने एक समिती नेमली. बंच तिच्या कर्मचारीवर्गात होते. समितीत एकमत झाले नाही. बहुसंख्यांचे म्हणणे फाळणी करा, अल्पसंख्यांचे म्हणणे संघराज्य करा. दोन्ही बाजूंच्या अहवालांचे लेखन बंच यांच्याकडेच आले. एकाच माणसाने दोन परस्परविरोधी मते सारख्याच प्रामाणिकपणे मांडून दिली. त्या अहवालावर जिनिव्हात ३१ ऑगस्ट १९४७ रोजी सह्या झाल्या. त्याच्या दोनच दिवस आधी, २९ ऑगस्टला, दिल्लीत संविधानाची मसुदा समिती नेमली गेली होती आणि तिच्या अध्यक्षपदी बाबासाहेब आले होते.

पुढच्या वर्षी युनोचे मध्यस्थ काउंट फोल्क बर्नाडोट यांच्यासोबत बंच पॅलेस्टाईनमध्ये होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये ज्यू अतिरेक्यांच्या एका गटाने बर्नाडोट यांना गोळ्या घातल्या. बंच त्या मोटारीत असायचे होते. वाटेत उशीर झाला म्हणून वाचले. मध्यस्थाचे काम त्यांच्याच अंगावर आले. जानेवारी १९४९ पासून ऱ्होड्स बेटावरच्या एका हॉटेलात इजिप्त आणि इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. सुरुवातीला दोन्ही बाजू समोरासमोर बसायलाही तयार नव्हत्या. बंच यांनी मोठ्या प्रश्नाला हात घातला नाही. आधी विषयपत्रिका लिहिली आणि तिच्यावर दोघांच्या संमती घेतल्या, म्हणजे एका कागदाला होकार देण्याची त्यांना सवय लागावी. मग एकेक कलम. सुमारे सहा आठवड्यांनी, २४ फेब्रुवारी १९४९ रोजी, शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. मार्चमध्ये लेबनॉन, एप्रिलमध्ये जॉर्डन, जुलैमध्ये सीरिया. १९५० चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले. हे पारितोषिक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शांततेचे काम आपण बक्षिसासाठी करत नाही, असे म्हणून ते आधी नकार द्यायला निघाले होते. सरचिटणीस त्रिग्वे ली यांनी त्यांचे मन वळवले.

येथे गौरवगाथा थांबवून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शस्त्रसंधी म्हणजे न्याय नव्हे. त्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्या नातवंडा-पतवंडांचा प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि गाझात काय झाले हे साऱ्या जगाने पाहिले. अधिकारी कितीही कर्तबगार असला तरी त्याचा मसुदा बड्या राष्ट्रांच्या मर्जीपलीकडे जात नाही. सुरक्षा परिषदेत पाच राष्ट्रांना नकाराधिकार आहे आणि त्यातल्या एकाने हात वर केला की महिनोन्‌महिन्यांचे काम कचऱ्यात जाते. या नोकरीत जाणाऱ्याने हे डोळे उघडे ठेवून समजून घ्यावे.

दुसरी अडचण आणखी खोल आहे, आणि ती थेट आपल्याशी संबंधित आहे. युनोच्या सनदेचे कलम १०० सांगते की, सचिवालयातील कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून किंवा संघटनेबाहेरच्या कोणत्याही सत्तेकडून आदेश मागू नयेत आणि घेऊ नयेत. तो फक्त युनोला जबाबदार. म्हणजे तिथे गेलेला भारतीय भारताचा प्रतिनिधी नसतो, आणि चळवळीतून गेलेला चळवळीचाही प्रतिनिधी नसतो. त्याला मोर्चात घोषणा देता येत नाहीत, सरकारवर लेख लिहिता येत नाहीत. मग प्रश्न असा की, ज्याचे तोंड बांधले जाणार आहे अशा जागी आपण आपली हुशार मुले का पाठवायची? समाजाच्या जिवावर शिकून वर गेलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवल्याची खंत बाबासाहेबांनी स्वतः आग्र्याला मार्च १९५६ मध्ये बोलून दाखवली होती. त्यात आणखी एका पांढरपेशाची भर कशाला?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. बंच यांच्यावरही तो घेतला गेला. साठच्या दशकातल्या तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना ते गोऱ्यांच्या जगात रमलेले वाटत. पण वस्तुस्थिती काय होती? राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात मोठे पद देऊ केले तेव्हा बंच यांनी ते नाकारले, कारण वॉशिंग्टनमध्ये वर्णभेद पाळला जात होता आणि आपल्या मुलाबाळांना पुन्हा तिथे न्यायचे त्यांच्या मनात नव्हते. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नामवंत टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला सभासदत्व नाकारले. नोबेल मिळून नऊ वर्षे झाली होती! ओरड झाल्यावर क्लबने दार उघडले, तेव्हा बंच यांनी ते नको म्हटले. जे दार मोलमजुरी करणाऱ्या कृष्णवर्णीयाला बंद आहे ते नोबेलवाल्याला उघडले तर त्यात समाजाचे काय भले, अशी त्यांची भूमिका होती. आणि मार्च १९६५ मध्ये मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चा निघाला, तेव्हा युनोतील सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक असलेले बंच मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासोबत पहिल्या रांगेत चालले. त्याच वर्षी भारत-पाकिस्तान युद्धानंतरच्या शस्त्रसंधीची देखरेखही त्यांच्याच हाताखाली झाली. ९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

निःपक्षपाती असणे आणि आपण कोठून आलो हे विसरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम १०० अधिकाऱ्याला बाजू घेऊ देत नाही, पण पाहू नको असे ते सांगत नाही. उलट, जे आहे ते सगळे पाहून लिहिणे हेच त्याचे कर्तव्य आहे. आणि नेमके इथेच कोण कुठून आला याला महत्त्व येते.

आपल्या शेजारच्या नेपाळचे उदाहरण घ्या. माओवादी आणि सरकार यांच्यात २१ नोव्हेंबर २००६ रोजी शांतता करार झाला. २३ जानेवारी २००७ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव १७४० मंजूर करून तिथे युनोची राजकीय मोहीम स्थापन केली. ती १५ जानेवारी २०११ पर्यंत होती. शस्त्रास्त्रांवर देखरेख आणि संविधान सभेच्या निवडणुकीला मदत, ही तिची मुख्य कामे. नेपाळच्या लोकसंख्येत सुमारे तेरा टक्के दलित आहेत. आता कल्पना करा, असा एखादा अधिकारी तराईतल्या एका गावी पोहोचतो. त्याला भेटायला येतात ते पक्षांचे पुढारी, शाळेचे मुख्याध्यापक, पोलीस अधिकारी. सगळे सांगतात की गावात शांतता आहे. तो चहा घेतो, नोंद लिहितो आणि गाडीत बसतो. गावाच्या कडेला असलेल्या दलित टोलकडे त्याला कोणी नेत नाही. तिथल्या बायका पाणी कुठून भरतात, मतदानाच्या दिवशी त्या रांगेत कुठे उभ्या राहतील, हे विचारायचे त्याला सुचत नाही. त्याने काही खोटे लिहिलेले नसते. तरीही त्याची नोंद अर्धवट असते, आणि तीच नोंद न्यूयॉर्कला जाते.

ज्याने स्वतःच्या गावात गावकूस पाहिले आहे तो गाडीत बसण्याआधी विचारील की, त्या बाजूला कोण राहते? एवढाच फरक. पण या एका प्रश्नाने टिपणात एक परिच्छेद वाढतो. एप्रिल २००८ च्या निवडणुकीनंतर बनलेल्या ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत सुमारे पन्नास दलित सदस्य आले. ती नेपाळी दलित चळवळीची आणि तिने मिळवलेल्या राखीव वाट्याची कमाई होती. बाहेर चळवळ नसेल तर आतला अधिकारी काहीच करू शकत नाही, हे यातून दिसते. पण बाहेर चळवळ असून आत तिचे म्हणणे समजणारा कोणीच नसेल तर काय होते, तेही आपण पाहिले आहे.

वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार युनोच्या आमसभेने २१ डिसेंबर १९६५ रोजी मंजूर केला. वंशभेदाच्या व्याख्येत वंश, वर्ण यांच्या जोडीला ‘डिसेंट’ म्हणजे जन्मकूळ हा शब्द आहे. तो शब्द मसुद्यात सुचवला होता भारताच्याच प्रतिनिधींनी! पुढे १९९६ मध्ये कराराच्या समितीने म्हटले की, जन्मकूळ या शब्दात जात येते. भारत सरकार म्हणाले, येत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २००१ मध्ये दरबानला वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. दलित संघटनांचे कार्यकर्ते तिथे जाऊन धडकले, पण सरकारच्या विरोधामुळे अंतिम जाहीरनाम्यात जात हा शब्द येऊ शकला नाही. मात्र तो आवाज वाया गेला नाही. २००२ मध्ये समितीने आपली सर्वसाधारण शिफारस क्रमांक २९ प्रसिद्ध केली आणि जन्मकुळावर आधारित भेदभावात जातीचा समावेश होतो हे स्पष्ट लिहिले. २०१६ मध्ये अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदकांनी जातिभेदावर स्वतंत्र अहवाल मानवी हक्क परिषदेला दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बाबासाहेबांची १२५ वी जयंती न्यूयॉर्कच्या मुख्यालयात साजरी झाली. जयंतीच्या सभागृहात आपण पोहोचलो. मसुद्याच्या टेबलापर्यंत कधी पोहोचणार?

तिथले दार अरुंद आहे. सनदेच्या कलम १०१ नुसार भरती करताना कार्यक्षमता, योग्यता, सचोटी पाहायची आणि शक्य तितके भौगोलिक वैविध्य राखायचे. म्हणून युनो आपल्या कर्मचाऱ्यांचे राष्ट्रीयत्व मोजते, स्त्री-पुरुष प्रमाण मोजते. जात ती मोजत नाही. भारताच्या नावावर एक जागा भरली की भारत आला, असे मानले जाते. कोणता भारत आला, हे विचारले जात नाही. त्यात प्रवेशाचा नेहमीचा रस्ता म्हणजे इंटर्नशिप, आणि सचिवालयाची इंटर्नशिप बिनपगारी आहे. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या महागड्या शहरात स्वतःच्या खर्चाने काही महिने राहायचे. २०१५ मध्ये जिनिव्हात न्यूझीलंडचा एक तरुण इंटर्न भाडे परवडत नाही म्हणून तंबूत राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. तो सधन देशातला मुलगा. मग नांदेडच्या शेतमजुराच्या मुलीने काय करावे? मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या संस्थेच्या दारातच पैशाचा उंबरा आहे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

त्यात आपल्याकडची धोरणे भर घालतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीत केंद्र सरकारने भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषयच वगळले. म्हणजे परदेशात जाऊन जातीचा अभ्यास करायचा तर सरकारची मदत नाही! महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिचा लाभ घेऊन अनेक मुले लंडन-न्यूयॉर्कला पोहोचली आहेत. परंतु तिथे जाताना आंतरराष्ट्रीय कायदा, शांतता आणि संघर्ष अभ्यास, आंतरराष्ट्रीय संबंध हे विषयही असतात, हे त्यांना आधी कोणी सांगितलेले असते का?

इच्छुकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच. इंग्रजी येऊन भागत नाही, ती नेमकी आणि थोडक्यात लिहिता आली पाहिजे; दोन तासांच्या बैठकीचे सार एका पानात आणता आले पाहिजे. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या मोहिमांचे दार उघडते. तरुण व्यावसायिकांसाठी युनोची एक परीक्षा आहे. तिची वयोमर्यादा ३२ असून ज्या देशांचे प्रतिनिधित्व कमी आहे त्यांची यादी दर वर्षी बदलते. भारताचे नाव त्यात असेलच असे नाही. म्हणून एकाच वाटेवर विसंबू नये. युनोचे स्वयंसेवक, निवडणूक निरीक्षण, मानवी हक्क संघटना, संशोधन संस्था, वकिली, पत्रकारिता, परराष्ट्र सेवा अशा मार्गांनी आधी अनुभव मिळवून पुढे जाता येते. काठमांडूचे सार्क सचिवालय किंवा लंडनचे राष्ट्रकुल सचिवालय, याही आंतरसरकारी संस्थाच आहेत. आणखी एक इशारा: पैशांच्या टंचाईमुळे २०२५ मध्ये युनोतील हजारो पदे कमी करण्याचा प्रस्ताव आला. जागा कमी होतात तेव्हा ओळखीपाळखी नसलेला आधी बाहेर राहतो, हा आपला नेहमीचा अनुभव. तयारी दुप्पट हवी.

ही तयारी एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. आपल्या मंडळांची आणि ट्रस्टची वर्गणी जयंतीच्या डीजेवर किती खर्च होते आणि एखाद्या मुलीच्या फ्रेंचच्या वर्गावर किती, याचा हिशेब एकदा मांडावा. राल्फ बंच यांना हार्वर्डला पाठवणारा समाज श्रीमंत नव्हता. वेगळ्या वस्तीत राहणारी, हमाली आणि घरकाम करणारी ती माणसे होती. बाबासाहेबांना कोलंबियाला जायला सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. आज प्रत्येक जिल्ह्यात आपले नोकरदार आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. एका जिल्ह्याने मिळून एका होतकरू मुलाचा किंवा मुलीचा सहा महिन्यांचा इंटर्नशिपचा खर्च उचलणे अशक्य आहे काय?

आणि जो किंवा जी तिथे पोहोचेल, तिच्याकडून आपण काय मागायचे? आमची बाजू घे, असे नाही. ते सनदेत बसत नाही, आणि तिच्या कामाची पतही त्याने जाईल. मागायचे ते एवढेच: सुदानमध्ये असो की म्यानमारमध्ये, गावाच्या ज्या टोकाला कोणी तुला नेत नाही तिथे जा, तिथल्या माणसाशी बोल, आणि तो जे बोलला ते जसेच्या तसे टिपणात लिही. आपल्या दारिद्र्याने आणि अपमानाने दिलेली ही नजर तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी न्यायाला उपयोगी पडेल. बाबासाहेबांचा अहवाल युनोपर्यंत गेला नाही. पण जगातल्या कुठल्या ना कुठल्या वस्तीतून असा अहवाल आजही तिथे पोहोचत असतो. तो उघडणारा माणूस आपल्यातला का नसावा?